तहकूब सभेचं इतिवृत्त

पहिली सभा सकाळी अकराला ठेवली मी.
आले नऊजण. गणपूर्ती नाही, सभा तहकूब.
मी आटपाडीचा. समुद्र मला नोकरीत मिळाला.
ओहोटीला होड्या लागतात, लिलाव होतो,
बर्फ वितळायच्या आत टोपल्या टेम्पोत चढवायच्या असतात,
हे कुठल्या परिपत्रकात नव्हतं.

दुसऱ्या सभेची वेळ दुर्गाबाई कोयंड्यांनी सांगितली,
पंचांग न बघता, पाण्याकडे बघून.
संध्याकाळी साडेसहा.
सभागृह भरलं, बायका मात्र बाहेर ओट्यावरच टेकल्या
नेहमीसारख्या;
माइकची वायर तिथवर पुरत नव्हती.
मग कुणीतरी माइकच काढून टाकला.

विषय क्रमांक एक : किनाऱ्याचा नकाशा.
भिंतीवर लावला. निळा समुद्र, हिरवी माडबाग,
मधे एक पांढरा पट्टा, त्यावर बारीक अक्षरात
रिकामी जागा.

दुर्गाबाई पुढे आल्या, पट्ट्यावर बोट ठेवलं.
"ह्या रिकामा कसा? माझी आवस हयसरच सुंगटा सुकवी.
तुमी दुपारचे इलास मोजूक,
तेव्हा आमी बाजारात होतो."

मोजणी खात्याचा पोरगा हसला नाही, हे त्याचं मोठेपण.
त्याने पेन्सिल दिली.
खळी कुठे, जाळी विणायचा मांडव कुठे,
जैतुनबी होडेकरांची होडी कुठे शाकारतात,
खारफुटीत कालवं काढायला बायका कुठून उतरतात,
पट्टा काळा होत गेला.
एका जागेवरून दोन भावकीत भांडण लागलं,
चहा झाला, भांडण राहिलं.
(तेही नोंदवलं आहे, पान तीन.)

मग टेकबहादूर उठला, पर्ससीनवरचा खलाशी.
दहा महिने जेटीवर राहतो, म्हणाला,
तिथे संडास नाही.
कुणीतरी मागून : "ह्यो गावचो नाय."

बस्त्याव मामांनी काठी आपटली.
"रापणीच्या दोरीक हात लागलो, म्हणजे वाटो.
गाव कोण इचारता?"

टाळ्या वाजणार होत्या.
तेवढ्यात बौद्धवाडीची यशोधरा कदम,
बसूनच, हातातलं पाकीट न सोडता :
"आमचा हात दोरीला कधी लागू दिलात?"

पंखा फिरत होता. लाटा ऐकू येत होत्या,
इतका वेळ त्या होत्याच,
कुणी ऐकल्या नव्हत्या.
सरपंच मला म्हणाले, हे लिहू नका.
टोपी काढली, परत घातली.
मग म्हणाले, लिहा.

मी लिहिलं.
चर्चा झाली, असं लिहायची पद्धत आहे.
दोन शब्दांत उरकतं. दहा वर्षं मी तसंच उरकलं.
त्या रात्री अकरा पानं झाली,
आणि सही करताना कुणाच्या तरी बोटाचा खवला
चौथ्या पानाला चिकटला.

तालुक्याहून उत्तर आलं : स्वच्छ प्रत पाठवा.
माहिती ऑनलाइन भरा.

भरतोय. जागेचा प्रकार निवडा :
निवासी. शेती. वाणिज्य. रिकामी.
पाचवा पर्याय, इतर.
त्यापुढे चौकट, तीस अक्षरांची.

तीस अक्षरांत मी काय बसवू?
सुंगटं, मांडव, कालवं, अर्धं भांडण,
एका माणसाचा संडास,
एका बाईचा प्रश्न, जो नकाशावर कुठे काढायचा
हे मोजणीच्या पोरालाही सुचलं नव्हतं.

दुर्गाबाईंना फोन लावला.
मागे टोपल्यांचा आवाज, कुणी दर सांगतंय.
त्या म्हणाल्या, थांब.
बोटांवर अक्षरं मोजत असाव्यात, किंवा सुटे पैसे.
मग :
"तू एकट्यान भरू नको.
सोमवारी पाणी सातांक उतारता.
थंय सगळेच येव.
यशोधराक मी सांगतंय."

चौकट उघडी आहे.
कर्सर लुकलुकतोय,
खाडीच्या तोंडाशी रात्री
एखादी होडी दिसते तसा.